रॅम कोणी खाल्ली?
(स्लो लिनक्स डेस्कटॉपची पद्धतशीर तपासणी)



मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे आपल्या हॉस्टेलमध्ये सीनियर्सकडून, दादा-ताईंकडून आलेल्या जुन्या लॅपटॉप्सवर आता लिनक्स दिसायला लागलंय. पहिले दोन दिवस सगळे खूश असतात. मग एका रात्री माउसचा बाण जागच्या जागी थांबतो, हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकण्याऐवजी सलग पेटून राहतो आणि कॉरिडॉरमधून ओरडा येतो, "अगं, हे पण हँगच होतंय!"

त्यानंतर सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतं रॅम वाढव, कोणी म्हणतं डिस्ट्रो बदल, कोणी नेटवरची एखादी कमांड देतं. पण ताप किती आहे ते न बघता गोळी देणारा डॉक्टर आपल्याला चालतो का? आधी थर्मामीटर, मग औषध. या लेखात मी तेवढंच सांगणार आहे. कुठलाही पैसा खर्च करण्याआधी दहा मिनिटांत काय काय मोजायचं, कोणत्या क्रमाने, आणि आलेल्या आकड्यांचा अर्थ काय लावायचा.

दोन सूचना. पहिली, माझी शाळा कॉन्व्हेंट. 'स्मृती' म्हटलं की मला कोणीतरी मैत्रिणीला हाक मारतंय असंच वाटतं. म्हणून मी सरळ मेमरी, रॅम, प्रोसेस असंच लिहिणार आहे. दुसरी, कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजीत, स्मॉल अक्षरांत करायची.

पायरी १ : खरंच रॅम संपली आहे का?

टर्मिनल उघडा आणि 'फ्री -एच' द्या. ८ जीबीच्या एका ठणठणीत लॅपटॉपवर साधारण असं दिसतं : टोटल ७.६, फ्री ०.३, बफ/कॅश ४.४, अव्हेलेबल ४.३ (सगळं जीबीमध्ये).

नव्याने लिनक्स वापरणाऱ्याची नजर थेट 'फ्री ०.३' वर जाते आणि पोटात गोळा येतो. आठातली फक्त ०.३ शिल्लक! पण थांबा. आपल्या लायब्ररीची रीडिंग रूम डोळ्यांसमोर आणा. एखादं पुस्तक वाचून झालं की काउंटरवरचे काका ते लगेच आत रॅकवर नेऊन ठेवत नाहीत. टेबलावरच राहू देतात, कारण पाच मिनिटांनी दुसरं कोणीतरी तेच मागणार असतं. टेबल भरलेलं दिसतं. पण नवा विद्यार्थी बसायला आला की पुस्तकं बाजूला करून त्याला जागा देता येते.

लिनक्सचा कर्नल हेच करतो. डिस्कवरून एकदा वाचलेली फाइल तो रिकाम्या रॅममध्ये ठेवून देतो. याला पेज कॅश म्हणतात. कोणाला रॅम हवी असेल तर यातली बरीचशी जागा लगेच सोडता येते. म्हणून 'फ्री' हा कॉलम आपल्या कामाचा नाही. 'अव्हेलेबल' कामाचा. नवा प्रोग्रॅम सुरू केला तर स्वॅपला हात न लावता किती रॅम मिळेल, याचा तो कर्नलने केलेला अंदाज असतो. हा आकडा कर्नल ३.१४ पासून, म्हणजे २०१४ पासून, थेट कर्नलच देतो. त्याआधी आपापला हिशोब करावा लागायचा, आणि नेटवरचे बरेच जुने सल्ले त्याच काळातले आहेत.

त्यातलाच एक प्रसिद्ध सल्ला म्हणजे ड्रॉप कॅशेसमध्ये ३ लिहून कॅश रिकामी करायची. त्याने 'फ्री' चा आकडा फुगतो आणि मनाला बरं वाटतं. पण आता प्रत्येक फाइल पुन्हा डिस्कवरून आणावी लागते, म्हणजे मशीन आणखी स्लो! टेबलावरची सगळी पुस्तकं रॅकवर नेऊन ठेवली आणि दोन मिनिटांत वीस जण तीच मागायला आले, तर काकांची काय अवस्था होईल? तसंच.

माझा ठोकताळा असा : अव्हेलेबल हा टोटलच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असेल तर दोष रॅमचा नाही, सरळ पायरी ५ वर जा. एक दशांशाच्या खाली असेल तर पुढचं लक्ष देऊन वाचा.

पायरी २ : स्वॅप नुसता भरलाय, की ये-जा चालू आहे?

रॅम अपुरी पडली की कर्नल बराच वेळ न वापरलेली पानं डिस्कवरच्या स्वॅपमध्ये नेऊन ठेवतो. स्वॅपमध्ये ५०० एमबी भरलेले दिसले म्हणजे आजार झाला असं नाही. माळ्यावर ठेवलेल्या जुन्या ट्रंकेचा कोणाला त्रास होत नाही. त्रास होतो तो दर मिनिटाला शिडी लावून ट्रंक खाली-वर करावी लागली तर. म्हणून किती भरलंय त्यापेक्षा ये-जा किती आहे ते बघायचं.

कमांड आहे 'व्हीएमस्टॅट १'. दर सेकंदाला एक ओळ छापते. पहिली ओळ सोडून द्या, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. मग 'एसआय' आणि 'एसओ' हे दोन कॉलम बघा : स्वॅपमधून आत किती आलं आणि बाहेर किती गेलं. दोन्ही शून्याच्या आसपास असतील तर मजेत राहा. दोन्ही कॉलममध्ये सतत शेकडो-हजारोंचे आकडे धावत असतील, आणि शेवटाकडचा 'डब्ल्यूए' (डिस्कची वाट बघण्यात गेलेला सीपीयूचा वेळ) ४०-५० टक्क्यांवर असेल, तर याला थ्रॅशिंग म्हणतात. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरला पाच मार्कांसाठी लिहितो तेच, फक्त इथे ते आपल्या टेबलावर घडत असतं.

ते एवढं का जाणवतं? हिशोब करू. रॅममधून एक गोष्ट आणायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या हार्ड डिस्कवर हेड जागेवर न्यायलाच सुमारे १० मिलिसेकंद जातात. १० मिलिसेकंद भागिले १०० नॅनोसेकंद म्हणजे १ लाख. जे काम एका सेकंदात व्हायचं ते लाख सेकंदांच्या हिशोबात गेलं, म्हणजे एक दिवसाहून जास्त! एसएसडीवर हेच अंतर साधारण हजार पटींचं राहतं. म्हणून तितकीच रॅम असलेला एसएसडीवाला लॅपटॉप स्वॅपमध्ये गेला तरी रडतखडत चालतो आणि हार्ड डिस्कवाला आडवा पडतो.

अजून नेमकं मोजायचं असेल तर डिसेंबर २०१८ च्या कर्नल ४.२० पासून एक सुंदर सोय आली आहे, पीएसआय म्हणजे प्रेशर स्टॉल इन्फर्मेशन. 'कॅट /प्रोक/प्रेशर/मेमरी' केलं की दोन ओळी येतात. 'सम' म्हणजे निदान एक तरी काम मेमरीसाठी अडून राहिलं तो वेळ, आणि 'फुल' म्हणजे सगळीच कामं एकदम अडली तो वेळ. आकडे टक्क्यांत असतात, गेल्या १०, ६० आणि ३०० सेकंदांचे. 'फुल' चा १० सेकंदांचा आकडा २०-३० दाखवत असेल तर तुम्ही उगाच तक्रार करत नाही आहात, मशीन खरंच गुदमरतंय. (काही डिस्ट्रोमध्ये हे बंद ठेवलेलं असतं. फाइल सापडली नाही तर व्हीएमस्टॅटवर भागवा.)

पायरी ३ : खाणारा कोण?

'टॉप' सुरू करा आणि शिफ्ट धरून 'एम' दाबा. मेमरीप्रमाणे यादी लागते. (एचटॉप इन्स्टॉल केलं तर रंगीत आणि सोपं.) इथे तीन कॉलम फसवतात.

'व्हर्ट' म्हणजे प्रोसेसने मागून ठेवलेले पत्ते. तिथे कित्येक जीबी दिसले तरी घाबरू नका. पत्ता घेतला म्हणजे घर बांधलं असं होत नाही. 'रेस' म्हणजे खरोखर रॅममध्ये असलेली पानं. 'एसएचआर' म्हणजे त्यातली इतरांबरोबर वाटून घेता येणारी.

आता गंमत बघा. सगळ्या 'रेस' ची बेरीज केली तर ती कधीकधी रॅमपेक्षाही जास्त भरते. का? समजा तीन प्रोसेस आहेत, प्रत्येकीची स्वतःची ५० एमबी, आणि तिघींची सामाईक लायब्ररी ३० एमबी. टॉपमध्ये प्रत्येकीसमोर ८० दिसतील, बेरीज २४०. प्रत्यक्षात वापर १५० अधिक ३०, म्हणजे १८०. मेसमधल्या एकाच पातेल्याचा खर्च तिघींच्या वहीत पूर्ण लिहिला तर असंच होणार. योग्य हिशोब म्हणजे सामाईक भाग वाटून घेणे : ३० भागिले ३ = १०, म्हणून प्रत्येकीचे ६०, बेरीज बरोबर १८०. या आकड्याला पीएसएस म्हणतात आणि 'एसमेम' नावाचं छोटं टूल तो दाखवतं.

दहातल्या आठ वेळा यादीत सगळ्यात वर ब्राउझर असतो. आजचे ब्राउझर सुरक्षिततेसाठी वेगवेगळ्या साइट वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालवतात, म्हणून टॉपमध्ये एकाच नावाच्या पंधरा ओळी दिसतात आणि दोषी टॅब कोणता ते कळत नाही. त्यासाठी ब्राउझरलाच विचारा. क्रोममध्ये शिफ्ट-एस्केप दाबलं की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर येतो. फायरफॉक्समध्ये अॅड्रेस बारवर 'अबाउट:प्रोसेसेस' टाका. टॅबच्या नावासकट मेमरी समोर येते, तिथूनच बंदही करता येते.

पायरी ४ : डेस्कटॉप स्वतःच फुगलाय का?

ग्नोममध्ये 'ग्नोम-शेल', केडीईमध्ये 'प्लाझ्माशेल' आणि 'क्विन', एक्सएफसीईमध्ये 'एक्सएफडब्ल्यूएम४' आणि 'एक्सएफडेस्कटॉप' ही नावं शोधा. ती यादीत असणारच. प्रश्न असा की आकडा स्थिर आहे की चढतोय. लॉगिन केल्यावर १० मिनिटांनी, मग एक तासाने, मग तीन तासांनी 'रेस' वहीत लिहून ठेवा. ३०० वरून ३५० वर जाऊन थांबला तर ती त्याची भूक. ३००, ६००, ९०० असा चढतच राहिला तर ती लीक असण्याची दाट शक्यता.

यातलं एक खरं उदाहरण आपल्याला सिलॅबसमध्ये शिकवायला हवं होतं असं मला वाटतं. २०१८ साली, ग्नोम ३.२८ च्या काळात, ग्नोम-शेलची मेमरी वाढत राहते अशा पुष्कळ तक्रारी आल्या. जॉर्जेस स्टाव्राकास या डेव्हलपरने शोध घेतला तेव्हा जे सापडलं ते नेहमीच्या अर्थाने लीक नव्हतंच. शेलचा वरचा भाग जावास्क्रिप्टमध्ये आहे आणि खालच्या वस्तू सी भाषेतल्या. गार्बेज कलेक्टर फेरी मारतो तेव्हा त्याला फक्त सगळ्यात वरची वस्तू टाकाऊ दिसायची. ती टाकली की मग तिने धरून ठेवलेली खालची वस्तू मोकळी व्हायची, पण तोपर्यंत फेरी संपलेली! म्हणजे प्रत्येक फेरीत एकच थर निघणार. कचरा होता, उचललाही जात होता, पण फार उशिरा. त्याने त्याला 'टार्डी स्वीप' म्हटलं. उपाय असा की वस्तू मोकळी झाली की लगेच पुढच्या फेरीची वर्दी द्यायची. सप्टेंबर २०१८ च्या ग्नोम ३.३० पर्यंत ही दुरुस्ती आली. धडा काय? चढता आलेख दिसला म्हणजे कोणीतरी 'फ्री' लिहायला विसरलं एवढाच अर्थ होत नाही.

तुमच्या मशीनवर शेल फुगत असेल तर पहिला संशय एक्स्टेन्शन्सवर घ्या. ग्नोमची एक्स्टेन्शन्स वेगळ्या प्रोसेसमध्ये चालत नाहीत, शेलच्या पोटातच चालतात. म्हणून खातं कोणीही, नाव लागतं शेलचं. सगळी बंद करा, दिवसभर मोजा, मग एकेक चालू करा. कंटाळवाणं आहे, पण सर्किट लॅबमध्ये फॉल्ट शोधताना आपण हेच करतो.

दुसरे पाहुणे म्हणजे फाइल इंडेक्सर. ग्नोममध्ये ट्रॅकर (२०२४ च्या ग्नोम ४७ पासून त्याचं नाव लोकलसर्च), केडीईमध्ये बलू. नवीन इन्स्टॉलेशननंतर किंवा ४० जीबीचा डेटा कॉपी केल्यावर हे सगळ्या फाइल्स वाचत बसतात. आधी एक रात्र चार्जरला लावून त्यांचं काम संपू द्या. तरी शांत झाले नाहीत तर सेटिंग्जमध्ये सर्चमधून मोठे प्रोजेक्ट फोल्डर वगळा.

तिसरी गोष्ट सहसा कोणी बघत नाही. सेटिंग्जमधल्या अबाउटमध्ये ग्राफिक्ससमोर 'एलएलव्हीएमपाइप' असं लिहिलेलं असेल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर चालत नाहीये आणि प्रत्येक खिडकी, प्रत्येक सावली सीपीयू स्वतः रंगवतोय. अशा मशीनला ३२ जीबी रॅम घातली तरी फरक पडणार नाही.

एक केस : बेरीज जुळेना

आता माझ्या रूम पार्टनरचा किस्सा. कारण इथे वरच्या सगळ्या पायऱ्या कामाला आल्या. तिचा लॅपटॉप सेकंडहँड, ४ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क, वर हलकाफुलका एक्सएफसीई. सकाळी छान चालायचा. रात्री दहाच्या सुमारास प्रोजेक्टचं काम रंगात आलं की गोठायचा. रीस्टार्ट केला की पुन्हा छान. गावातल्या एका दुकानदाराने सांगितलं, रॅम टाका, पर्याय नाही. २०२५ च्या शेवटी जगभर रॅमच्या किमती चढल्या होत्या हे तुम्हाला आठवत असेल. तिच्याकडे पैसे होते, पण ते घरून आलेले पुढच्या महिन्याच्या मेसचे होते. सबमिशनला नऊ दिवस.

रात्री गोठायला लागल्यावर आम्ही मोजलं. अव्हेलेबल फक्त २०० एमबी. व्हीएमस्टॅटमध्ये एसआय-एसओ धावत होते. म्हणजे रॅम खरंच संपली होती. मग एसमेम लावलं. ब्राउझर, एडिटर, डेस्कटॉप, सगळं धरून पीएसएसची बेरीज १.९ जीबी. टोटल ३.७. कर्नलचे स्वतःचे दोन-अडीचशे एमबी धरले, अव्हेलेबल धरलं, तरी जवळजवळ १.४ जीबीचा पत्ता लागेना. कुठल्याच प्रोसेसच्या नावावर नाही, आणि कॅश म्हणून सोडताही येत नाही. भुताटकीच!

उत्तर 'फ्री' च्या ज्या कॉलमकडे कोणी बघत नाही त्यात होतं, 'शेअर्ड' : १.४ जीबी. या कॉलममध्ये टीएमपीएफएस येतं, म्हणजे रॅममध्ये बनवलेली फाइल सिस्टिम. लगेच 'डीएफ -एच' दिलं. /टीएमपी समोर टीएमपीएफएस, वापर १.६ जीबी. (शेअर्डपेक्षा जास्त का? कारण त्यातला काही भाग तोपर्यंत स्वॅपमध्ये गेला होता.)

/टीएमपी डिस्कवर असतं अशी आपली समजूत असते. पण फेडोरामध्ये ते २०१३ च्या फेडोरा १८ पासून रॅममध्ये आहे, आणि ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ नेही तेच डीफॉल्ट केलं. जास्तीत जास्त निम्मी रॅम ते घेऊ शकतं. छोट्या तात्पुरत्या फाइल्ससाठी हे उत्तमच. पण तिच्या ग्रुपची इमेज प्रोसेसिंगची स्क्रिप्ट प्रत्येक रनला व्हिडिओच्या फ्रेम्स काढून /टीएमपीमध्ये टाकत होती आणि संपल्यावर तिथेच सोडून देत होती. एका रनच्या साधारण २०० एमबी. रात्री दहापर्यंत आठ रन. ८ गुणिले २००, म्हणजे १.६ जीबी. हिशोब चोख जुळला. रीस्टार्टने का बरं वाटायचं तेही कळलं : रॅममधली फाइल सिस्टिम रीस्टार्टला पुसली जाते.

उपाय तीन ओळींचा. फ्रेम्सचा फोल्डर /व्हार/टीएमपीमध्ये, म्हणजे डिस्कवर न्यायचा, आणि पायथॉनच्या टेम्पफाइल मॉड्यूलमधली टेम्पररी-डिरेक्टरी वापरायची, म्हणजे काम संपलं की फोल्डर आपोआप जातो. त्या रात्रीपासून अव्हेलेबल ८०० एमबीच्या खाली उतरलं नाही. मेसचे पैसे मेसमध्येच गेले आणि सबमिशन वेळेत झालं. रॅम वाढवूनही तिला फायदा झाला असता का? झाला असता, आठ रनऐवजी अठरा-वीस रनपर्यंत. मग पुन्हा तेच.

उपाय : फुकटपासून महागापर्यंत

१. लॉगिनबरोबर सुरू होणारे प्रोग्रॅम कमी करा. चॅट, क्लाउड सिंक, अपडेट तपासणारे, हे बसल्या जागी शंभर-दोनशे एमबी घेतात.

२. झेडरॅम लावा. हा रॅममध्येच बनवलेला स्वॅप, पण दाबून म्हणजे कॉम्प्रेस करून ठेवलेला. पानं साधारण निम्म्या किंवा एक तृतीयांश जागेत मावतात. थोडा सीपीयू जातो, पण डिस्कची लाख पटींची वाट टळते. फेडोरा ३३ पासून (ऑक्टोबर २०२०) हे आपोआप मिळतं, डेबियन-उबुंटूवर 'झेडरॅम-टूल्स' हे पॅकेज टाका. झेडरॅम असेल तर स्वॅपिनेस नेहमीच्या ६० वरून १०० किंवा वर न्यायला हरकत नाही. (मग व्हीएमस्टॅटमधले एसआय-एसओ थोडे दिसले तरी घाबरू नका, ती ये-जा रॅममधल्या रॅममध्ये आहे.)

३. गोठण्याआधीच सुटका करणारा पहारेकरी ठेवा. कर्नलचा स्वतःचा ओओएम किलर अगदी शेवटच्या क्षणी जागा होतो. तोपर्यंत कर्नल चालू प्रोग्रॅमची पानंसुद्धा रॅममधून टाकून पुन्हा डिस्कवरून वाचत बसतो, म्हणून अर्धा तास स्क्रीन गोठलेली दिसते. 'अर्लीओओएम' हा छोटा प्रोग्रॅम अव्हेलेबल आणि मोकळा स्वॅप दोन्ही १० टक्क्यांखाली गेले की सगळ्यात योग्य बकरा शोधून बंद करतो. एक टॅब गेला तरी चालेल, रिपोर्ट जायला नको! फेडोरा ३४ आणि उबुंटू २२.०४ पासून याच कामासाठी 'सिस्टिमडी-ओओएमडी' डीफॉल्ट आहे.

४. एखाद्याच प्रोग्रॅमवर भरवसा नसेल तर त्याला मर्यादा घाला. 'सिस्टिमडी-रन --युजर --स्कोप -पी मेमरीमॅक्स=१५००एम' आणि पुढे प्रोग्रॅमचं नाव. (इथे मेमरी, मॅक्स आणि शेवटचा एम, तिन्हींचा एम कॅपिटल.) मर्यादा ओलांडली तर फक्त तोच मरतो. लॅब असिस्टंट सरांनी सिम्युलेशनवाल्या मशीन्सवर हे जरूर करून बघावं.

५. हलका डेस्कटॉप घ्या. एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी ग्नोमपेक्षा काही शे एमबी वाचवतं. ४ जीबीवर ते जाणवतं. पण तेवढे तर दोन जड टॅब खाऊन टाकतात, त्यामुळे चमत्काराची अपेक्षा नको.

६. शेवटी पैसे. डब्ल्यूए जास्त आणि फिरती डिस्क असेल तर आधी एसएसडी. मोजून रॅमच कमी निघाली तर रॅम. पण 'सुडो डीएमआयडीकोड -टी मेमरी' ने स्लॉट किती, रिकामा आहे का, आणि डीडीआर३ की डीडीआर४ हे बघूनच दुकानात जा. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते, तिथे दुकानदार काहीही म्हणो.

गोठलंच तर?

पॉवर बटण शेवटी. आधी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून एक मिनिट वाट बघा. काळी स्क्रीन आली तर लॉगिन करून 'पीकिल' ने ब्राउझर बंद करा. तेही जमलं नाही तर ऑल्ट-सिसआरक्यू (प्रिंट-स्क्रीनचीच की) धरून 'एफ' दाबा, कर्नल लगेच ओओएम किलर चालवतो. उबुंटूमध्ये सिसआरक्यूचं डीफॉल्ट मूल्य १७६ असल्याने एफ बंद असतो. पण १७६ म्हणजे १२८ + ३२ + १६, म्हणून एस (डेटा डिस्कवर लिही), यू (डिस्क रीड-ओन्ली कर) आणि बी (रीबूट) एवढे चालतात. या क्रमाने, मध्ये दोन-तीन सेकंद थांबून दाबले तर फाइल सिस्टिम बिघडण्याचा धोका पुष्कळ कमी होतो.

पायरी ५ : रॅम बरी असूनही स्लो

अव्हेलेबल भरपूर असेल तर चार गोष्टी बघा. 'डीएफ -एच' मध्ये मुख्य डिस्क ९५ टक्क्यांच्या वर भरलीय का? टॉपमध्ये एखादी प्रोसेस सीपीयू १०० टक्के धरून बसलीय का? 'सुडो डीमेसेज' मध्ये डिस्कचे आयओ एरर येतायत का? (येत असतील तर बाकी सगळं सोडा, आधी बॅकअप घ्या, डिस्क मरायला टेकलीय.) आणि 'सेन्सर्स' मध्ये तापमान ९० अंशांच्या वर जातंय का? पंख्यात धूळ साचली की सीपीयू स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. गादीवर, पांघरुणात लॅपटॉप ठेवून सिनेमे बघणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं!

थोडक्यात, वहीच्या मागच्या पानावर एवढं लिहून ठेवा :

अव्हेलेबल बघा, फ्री नको.
स्वॅपची ये-जा बघा, साठा नको.
पीएसएसची बेरीज करा, जुळली नाही तर शेअर्ड आणि /टीएमपी बघा.
एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा मोजा.

लिहिण्यासारखं अजून खूप आहे, पण मराठी विभागाची पानं मोजकी आणि कवी पुष्कळ, असं संपादकांनी आधीच बजावलंय. असो. तुमचं मशीन आज व्यवस्थित चालत असेल तर आजच 'फ्री -एच' चे आकडे तारखेसह लिहून ठेवा. निरोगी माणसाचं बीपी किती असतं ते माहीत असेल तरच आजाऱ्याचं वाढलेलं कळतं. आणि विंगमधलं कोणी रॅम घ्यायला निघालं असेल तर त्याला दहा मिनिटं थांबवा. दुकान संध्याकाळपर्यंत उघडंच असतं.